पेडलवरचे लाकडी ठोकळे

७ सप्टेंबर २०२५, रविवार

दुरुस्ती. गुरुवारच्या नोंदीत मी लिहिलं आहे की आमच्या शेडमधला गो-कार्ट १९६१ साली विलायतेहून आला आणि पद्माकरकाकाने, बाबांच्या पुण्यातल्या मोठ्या भावाने, त्यावर शर्यत जिंकली. हे असं लिहायला नको होतं. यातलं मी काहीच पाहिलेलं नाही. ऐकलेलं आहे, आणि तेही एकट्या बाबांकडून, जे स्वतः १९६१ साली जन्मले.

आत्याने मला असं शिकवलं नव्हतं. दम्यामुळे मी पाचवीपर्यंत शाळेत गेलेच नाही. कस्तुरीआत्या, बाबांची थोरली बहीण, आमच्याच घरी असते. तिनेच मला शिकवलं. तिच्या शाळेत वहीच्या पानाचे तीन भाग असत: पाहिलेलं, ऐकलेलं, वाटलेलं. एकातलं दुसऱ्यात गेलं तर ती रागवायची नाही, नुसतं म्हणायची, "हे उचल आणि जागेवर ठेव." आता मी सव्वीस वर्षांची आहे, ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते, आणि स्वतःच्या डायरीत हे असं.

म्हणून पुन्हा, नीट.

पाहिलेलं: बसवनगुडीतलं हे भाड्याचं घर मालक बिल्डरला देत आहेत. पंधरा ऑक्टोबरला आम्हाला निघायचं आहे. इलेक्ट्रॉनिक सिटीतला नवा फ्लॅट चौथ्या मजल्यावर आहे, तिथे गो-कार्ट ठेवायला जागा नाही. चार छोटी चाकं, जमिनीपासून वीतभर उंच सांगाडा, पत्र्याची खुर्ची, खुर्चीमागे इंजिन. घरात तिला नुसतं 'गाडी' म्हणतात. आई 'ते कार्टं' म्हणते.

ऐकलेलं: बाबा म्हणाले, "यशू, तू विक. तुला इंटरनेटवरचं कळतं." आत्या म्हणाली, "जो घेईल त्याने ती चालवली पाहिजे. शोभेसाठी कुणाला देऊ नका. त्यापेक्षा भंगारात घाला."

वाटलेलं: मला जमणार नाही. मी विकत घेतानाही घासाघीस करू शकत नाही.

आज रात्री ग्रहण आहे म्हणून आईने सगळं लवकर आटोपलं. आत्या मात्र संध्याकाळी शेडच्या दारात उभी राहून गाडीवरची वाळकी पानं एकेक करून काढत होती.

९ सप्टेंबर, मंगळवार

इंजिनाजवळ, पेट्रोलच्या टाकीखाली एक पितळी पट्टी आहे. जुन्या परदेशी गो-कार्टवर अशाच पट्टीवर नंबर असतो, आणि त्यावरून कंपनी आणि साल काढता येतं, असं वाचलं. आमची पट्टी दिसतच नाही. दर आयुधपूजेला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, बाबा गाडीला चंदेरी रंगाचा एक हात देतात आणि मग बरोबर त्या पट्टीवर गंध, हळद, कुंकू लावतात. गाडीचं कपाळ तेच, असं अप्पांनी, म्हणजे आजोबांनी, ठरवलं होतं. पुढच्या वर्षी ते न पुसता वरून पुन्हा रंग.

मी टर्पेंटाइनमध्ये कापूस बुडवून थर काढायला बसले. चंदेरी, लाल, पिवळा, पुन्हा चंदेरी. झाडाचं खोड कापल्यावर दिसतात तशी वर्षं दिसत होती.

बाबा आले. "यशू, देवाचं आहे ते. खरवडू नकोस."

"बाबा, खाली नंबर असेल."

"असेल तर कुठे पळतोय?"

पळाला होता. पट्टी हिरवी पडली आहे, खड्डे पडले आहेत, एकही आकडा नाही. इतक्या वर्षांच्या हळदीकुंकवाने नंबर खाल्ला. बाबा पट्टीवरून अंगठा फिरवत राहिले. "म्हणजे मीच पुसला," ते म्हणाले.

मी घाईने म्हटलं, "पहिल्यापासूनच नसेल बाबा." हे मला वाटत नव्हतं. त्यांना बरं वाटावं म्हणून बोलले. खोटं होतं, अशी नोंद करते.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

तीन दिवस ऑफिसच्या बसमध्ये जुन्या गो-कार्टचे फोटो पाहते आहे. त्या काळातल्या परदेशी गाड्यांचा सांगाडा एकाच नळीला वाकवून केलेला असतो, कोपरे गोल. आमच्या गाडीत एकही नळी वाकवलेली नाही. प्रत्येक कोपऱ्यावर नळी तिरकी कापून पितळेने जोडली आहे. जोड इतके सारखे आहेत की आधी मला ते मशीनचे वाटले होते. इंजिन मात्र इंग्लंडचं आहे, त्याच्या अंगावरच ओतीव अक्षरं आहेत, पण ते गवत कापायच्या यंत्राचं.

तर: गाडी विलायती नाही. कुणीतरी इथेच, नळी वाकवायचं यंत्र नसताना, बनवली आहे.

मागची दोन चाकं विमानाच्या शेपटीखालची असावीत असं एका फोटोवरून दिसतं. अप्पा, काका, आत्या, नंतर बाबाही, सगळे सरकारी विमान कारखान्यात होते. मग हा सरकारी माल तर नाही ना? आपण सरकारी माल विकतो आहोत का? जेवण गेलं नाही. शेवटी आत्याला विचारलंच.

"लिलावात घेतली चाकं," ती म्हणाली. "भंगाराच्या. किलोवर. सरी? कळलं ना? आता भात संपव."

काकाचा व्यवहार आत्याला इतका पक्का आठवतो याचं नवल वाटलं.

१४ सप्टेंबर, रविवार

जाहिरात पाहून एकजण आले. मकरंद नाव, मुंबईचे, इंदिरानगरात पब उघडत आहेत. मराठी ऐकून बाबा इतके खूश झाले की त्यांनी व्यवहाराआधीच पोहे केले.

"काका, हे टोटल व्हिंटेज आहे हो," मकरंद म्हणाले. "एन्ट्रन्सच्या वर, भिंतीवर, असं तिरकं लावणार. खालून लाइट. लोक सेल्फी काढतील."

मी सांगितलं की गाडी परदेशी नाही आणि पट्टीवर नंबर नाही.

"अगं ताई, भिंतीवर कोण नंबर वाचतंय!"

मग ते गाडीत बसले. म्हणजे बसायचा प्रयत्न केला. गुडघे कानाशी आले. "यात ब्रेक कुठला म्हणायचा?"

मागून आत्या म्हणाली, "डावा. आधी स्वल्प ढिला जातो, मग एकदम धरतो."

"वा आजी! तुम्ही तर एक्सपर्ट!"

"पद्माकरने सांगितलं असेल कधीतरी," बाबा म्हणाले. मलाही तसंच वाटतं.

मकरंद चांगली रक्कम द्यायला तयार आहेत. बाबा 'हो' म्हणणारच होते, पण पितृपक्ष चालू आहे, व्यवहार नको, म्हणून दसऱ्यानंतर कळवतो असं ठरलं. मकरंदना सहा ऑक्टोबरला, सोमवारी, टेम्पो पाठवायचा आहे. तोवर दुसरं कुणी मिळालं नाही तर गाडी भिंतीवर जाणार. पाहुणे गेल्यावर आत्याने पोह्यांच्या बशा नेहमीपेक्षा जोरात आपटून धुतल्या.

१६ सप्टेंबर, मंगळवार

सकाळी डब्याबरोबर आत्याने माझ्या हातात वर्तमानपत्राचं एक कात्रण दिलं. कन्नड पेपरातलं, घडीवर पिवळं पडलेलं. देवनहळ्ळीजवळ शेषगिरी नावाचे एक गृहस्थ जुन्या गाड्या दुरुस्त करून चालत्या ठेवतात, शेतात त्यांनी सिमेंटचा छोटा गोल रस्ता केला आहे.

"हे कुठे मिळालं?"

"डाळीच्या डब्याखाली कागद घालतो ना, त्यात."

काय योगायोग. पण कात्रणाच्या कडा कात्रीने सरळ कापलेल्या आहेत, आणि डाळीच्या डब्यांखाली आम्ही प्लॅस्टिक घालतो. हे जागेवर कुठे ठेवायचं ते कळत नाही. जुनी सवय असेल.

दुपारी फोन केला. बोलायचं सगळं आधी लिहून काढलं होतं. शेषगिरी कन्नडमध्ये म्हणाले, "शनिवारी येतो, अम्मा. कॉफी तयार ठेवा. गाडी बरी नसली तर निदान कॉफी चांगली मिळावी."

२० सप्टेंबर, शनिवार

शेषगिरी आले, बरोबर त्यांची भाची पवित्रा. ते रुंद, पांढऱ्या मिशांचे. ती सहा फुटांच्या आसपास उंच, त्यांची सगळी दुरुस्ती तीच करते. (बोलणं कन्नडमध्ये झालं, मी मराठीत लिहिते आहे.)

मी सुरुवातीलाच सांगून टाकलं: सांगाडा परदेशी नाही, पट्टी कोरी आहे, शर्यतीबद्दल आमच्याकडे फक्त ऐकीव माहिती आहे. वाटलं, आता उठतील.

ते खाली बसले. चक्क जमिनीवर, पँटची पर्वा न करता. एकेका जोडावरून बोट फिरवलं. "परदेशी माझ्याकडे दोन आहेत, अम्मा. पैसे टाकले की मिळतात. त्या काळात इथे कुणी घरी बनवलेली मी एकही पाहिलेली नाही. कुणी बनवली? कुणी चालवली?"

"माझ्या दादाने," बाबा म्हणाले आणि फोटो आणला. फोटो मी लहानपणापासून पाहते आहे: गाडीत हेल्मेट-गॉगल घातलेला काका, लांब बाह्या, मागे गाडीला हात लावून उभा एक उंच माणूस, त्याचा चेहरा हललेला.

"दादा किती उंच?" पवित्राने विचारलं.

"सहा फूट. तुझ्याएवढा."

पवित्राने पेडलकडे पाहिलं. दोन्ही पेडलना लाकडी ठोकळे स्क्रूने बसवलेले आहेत, पाय पुढे पोचावे म्हणून. तिने मामाकडे पाहिलं. शेषगिरींनी आत्याकडे पाहिलं. आत्या कॉफीत साखर ढवळत होती. ती बिनसाखरेची कॉफी पिते.

शेषगिरींच्या दोन अटी आहेत. एक, गाडीची हकिकत खरी, लिहून हवी. दोन, गाडी त्यांच्या रस्त्यावर चालताना पाहायची. "बंद गाड्या माझ्याकडे अकरा आहेत. बारावी नको." पवित्रा पुढच्या शनिवारी येऊन इंजिनाचं बघणार. सगळं जमलं तर पाच ऑक्टोबरला, रविवारी, देवनहळ्ळी. मकरंदच्या टेम्पोच्या आदल्या दिवशी.

निघताना शेषगिरींनी आत्याला वाकून नमस्कार केला. ते साठीचे असतील, आत्या पंच्याहत्तरची. वयाचा मान.

२३ सप्टेंबर, मंगळवार

हे घाईत लिहिते आहे, पण क्रमाने.

आज सुट्टी घेतली होती. हकिकतीसाठी गाडीची मापं हवी होती. खुर्चीच्या पाठीपासून पेडलपर्यंतचं अंतर टेपने नीट येईना, म्हणून मी स्वतःच आत बसले. आयुष्यात पहिल्यांदा. लहानपणी धूळ आहे म्हणून मला शेडमध्ये येऊ देत नसत.

पाय बरोबर ठोकळ्यांवर आले. ना ताणावे लागले, ना दुमडावे लागले. चाक छातीपासून जिथे असावं तिथे. उजवा हात चाकावर ठेवला तर कोपराखाली दोन बोटांवर सायलेन्सरची नळी. मनात आलं, चालू गाडीत ही तापत असणार. काकाला कधी भाजलं कसं नाही?

तेवढ्यात आत्या चहा घेऊन दारात आली. कप उजव्या हातात होता. हात उचलल्यामुळे बाही मागे सरकली आणि कोपराखालचा तो लांबट, चकचकीत डाग दिसला. इस्त्रीचा डाग, असं आम्ही आजवर म्हणत आलो. आमच्या घरात बुटक्या आम्ही दोघीच. तिचे ब्लाऊज मला होतात.

मी डागाकडे पाहिलं, मग नळीकडे. नळीची जाडी तीच, तिरकेपणा तोच.

हे मला कुणी सांगितलेलं नाही. वाटलेलंही नाही. पाहिलेलं आहे.

"आत्या."

"बोल."

"इस्त्री नव्हती ना ती?"

ती पायरीवर बसली. चहा माझ्या हातात न देता स्वतःच एक घोट घेतला. "वीस दिवस लागले तुला," ती म्हणाली. "मी शिकवलेल्या मुलीला."

"तू चालवायचीस?"

"तीन रविवार. एकाहत्तर साल. शेवटच्या रविवारी शर्यत होती, जुन्या धावपट्टीवर."

"आणि काका?"

"ढकलायचा. ते इंजिन ढकलल्याशिवाय सुरू होत नसे. फोटोत मागे उभा आहे तो कोण वाटला तुला?"

मग तिने सांगितलं. कारखान्यात ती नकाशे काढायची. एका मासिकातल्या चित्रावरून तिने गाडीचा नकाशा काढला, जोड दोघांनी मिळून केले, बरेचसे तिने. पण तेव्हा तिच्यासाठी स्थळं पाहत होते. अप्पांना कळलं असतं तर गाडी त्याच दिवशी विहिरीत गेली असती. म्हणून नाव पद्माकरचं दिलं, बक्षीस घ्यायलाही तोच गेला. तिने हेल्मेट काढलं ते मोठ्या वडाच्या मागे.

"नंतर का नाही सांगितलंस? अप्पा गेल्यावर?"

"तोवर वासूने, तुझ्या बाबाने, सगळ्या गल्लीला दादाची गोष्ट सांगितली होती. लहान होता, डोळे असे मोठे करून सांगायचा. मग खरं सांगणं म्हणजे त्याच्याकडून काहीतरी काढून घेण्यासारखं झालं." कप खाली ठेवून ती म्हणाली, "आणि पहिला नाही, दुसरा नंबर आला होता. पहिला वासूने केला. सालही त्यानेच दहा वर्षं मागे नेलं."

पट्टीचंही विचारलं. ती कोरीच होती! आत्याने ती गाडीचं नाव कोरायला बसवली होती, मग कोरायचं राहून गेलं. खड्डे पडले ते हळदीने, पण खाण्यासारखा नंबर कधी नव्हताच. म्हणजे 'हळदीकुंकवाने नंबर खाल्ला' हे माझं पाहिलेलं नव्हतं, वाटलेलं होतं. आणि बाबांशी मी जे खोटं बोलले ते खरं निघालं. हे कुठल्या भागात जातं, ते आत्यालाही सांगता आलं नाही. ती नुसती हसत राहिली.

२४ सप्टेंबर, बुधवार

हकिकत खरी द्यायची तर बाबांना सांगावं लागणार. मी म्हटलं, "आत्या, तू सांग." ती म्हणाली, "त्याचा विश्वास पद्माकरवर आहे. त्यालाच सांगू दे."

बाबांना शेजारी बसवून पुण्याला काकाला फोन लावला, स्पीकरवर. मी आत्याची हकिकत वाचून दाखवली.

मग काका खोकत खोकत हसला. "अरे वासू, मी कधी म्हटलं रे मी चालवली? तू म्हणालास. मी फक्त गप्प बसलो. गप्प बसायला बरं वाटत होतं."



"कस्तू आहे का तिथे?" काका म्हणाला. "कस्तू, तुझा बक्षिसाचा कप माझ्याकडे आहे गं. त्यात पेनं ठेवतो मी."

"ठेव की," आत्या म्हणाली. "माझ्या कपात निदान पेनं तरी ताठ उभी राहतात."

"बघ, पन्नास वर्षं हे ऐकायला नको म्हणून पुण्याला आलो!"

बाबा उठले आणि भाजी आणायला गेले. पिशवी न घेता गेले, आणि भाजी न घेताच परत आले. रात्री जेवताना म्हणाले, "ताई, मी दर वर्षी पूजा करताना दादाचं नाव घ्यायचो." आत्या म्हणाली, "वासू, पूजा गाडीची होती ना? तिला पोचली." बाबा मान खाली घालून आमटी वाढून घेत राहिले.

वाटलेलं: मी घरातलं काहीतरी मोडलं आहे. हकिकत खरी लिहून झाली, पण पाठवली नाही.

२७ सप्टेंबर, शनिवार

बाबाच म्हणाले, "पाठवली का? पाठव. चुकीचं काही विकायचं नाही आपल्याला." पाठवली. शेषगिरींचं उत्तर दोन ओळींचं: मला हे पहिल्याच दिवशी वाटलं होतं. अक्कांना माझा नमस्कार सांगा.

पवित्रा सकाळी हत्यारांची पेटी घेऊन आली. कार्ब्युरेटर उघडला, साफ केला, नवीन पाइप, नवीन प्लग. बाबा आधी लांब खुर्चीत पेपर घेऊन बसले होते. मग पेपर घेऊन जवळ आले. मग पेपर खाली अंथरून त्यावर पाने-पकडी मांडून देऊ लागले. दुपारी मागची चाकं विटांवर अधांतरी ठेवून पवित्राने ती जोरात फिरवली. दोनदा काही नाही. तिसऱ्यांदा असा आवाज झाला की समोरच्या घरातले नागनाथमामा बाहेर आले आणि आईच्या हातून लोणच्याची बरणी निसटता निसटता राहिली. निळा धूर. बाबा ओरडले, "ताई, अगं ताई, बघ!" आणि आत्या दारात उभी होतीच, पदर नाकाला लावून. धुरामुळे डोळ्यांत पाणी आलं, म्हणाली. धूर तिच्या उलट दिशेला जात होता.

इंजिन बंद केल्यावर पवित्रा म्हणाली, "रविवारी चालवणार कोण? मी मावत नाही. मामा तर नाहीच. ठोकळे काढायचे नाहीत, जशी आहे तशीच हवी."

सगळे आत्याकडे पाहू लागले. आत्याने गुडघ्याच्या ऑपरेशनचा पाय दाखवला. "मी त्यात बसेन, पण मग मला गाडीसकट विकावं लागेल."

आणि मग, जणू आत्ताच सुचलं असं, म्हणाली, "ही बसते की त्यात. मंगळवारी बसली होती. पाय पुरतात."

मी नाही म्हटलं. मला स्कूटरही येत नाही. रस्ता ओलांडताना मी दोन्हीकडे चार वेळा पाहते. धूर आहे, दमा आहे. पवित्रा म्हणाली खासगी जागा आहे, रस्ता रिकामा असेल, ती शेजारून पळेल. तरी नाही म्हटलं.

कुणी आग्रह केला नाही. आत्याही "सरी", म्हणजे "बरं", एवढंच म्हणाली. आग्रह केला असता तर बरं झालं असतं.

२९ सप्टेंबर, सोमवार

दोन दिवस मकरंदची भिंत डोळ्यांसमोर येते आहे. तिरकी गाडी, खालून लाइट, ठोकळ्यांवर कुणाचेच पाय नाहीत.

आज ऑफिसातून आले तर हॉलमध्ये सामानाच्या खोक्यांमध्ये जागा करून आत्याने पाट ठेवला होता. पाटापुढे दोन विटा. पाटावर स्टीलचं ताट.

"हे काय?"

"काही नाही. बस."

बसले. ताट चाकासारखं धरायला लावलं. उजवी वीट वेग, डावी ब्रेक. "वळणाआधी पाय काढ. वळणात नाही, आधी. वळताना पुढे नको बघू, वळण संपतं तिथे बघ. हात घट्ट नको. पापड लाटतेस का? हं, तेवढेच."

"आत्या, मी हो म्हटलेलं नाही."

"मी कुठे विचारलं? ही तर शाळा आहे. परीक्षेला बसायचं की नाही ते तुझं तू बघ."

तासभर चाललं. आईने दोनदा ताट परत मागितलं. तिसऱ्यांदा ती स्वतःच खोक्यावर बसून "डावी, डावी!" असं ओरडायला लागली. एकदाही मला दम्याच्या पंपाची आठवण झाली नाही, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.

आठवतं तसं लिहिते: ऑगस्टमध्ये, घर सोडायचं ठरलं त्याच आठवड्यात, आत्याने मला भिंतीला उभं करून पायाची लांबी मोजली होती. नव्या घरासाठी सलवारी शिवायच्या, म्हणाली होती. त्या अजून शिवलेल्या नाहीत. सामान बांधण्याच्या गडबडीत राहून गेलं असेल.

१ ऑक्टोबर, बुधवार. आयुधपूजा

या घरातली शेवटची. अंगणात गाडी, तिच्याशेजारी बाबांची हत्यारं, आईचा मिक्सर, माझा लॅपटॉप, आत्याची जुनी ड्रॉइंगची पेटी. दोन्ही बाजूंना केळीचे खुंट.

बाबांनी या वर्षी चंदेरी रंग आणला नव्हता. त्याऐवजी माळ्यावरून एक लाकडी डबी काढली होती, कारखान्यात असतानाची, अक्षरं ठोकायच्या पंचांची. ते गाडीपुढे मांडी घालून बसले. पट्टी त्यांनी आधीच घासून उजळ केली होती. एकेक पंच लावून, हातोडीचा एकच ठोका, असं त्यांनी अक्षर अक्षर ठोकलं. मी वाकून पाहिलं. कस्तुरी. खाली १९७१.

"दुसरं अक्षर स्वल्प तिरकं आलं," आत्या म्हणाली.

"पंच सरकला."

"असू दे. खोडू नकोस."

मग बाबांनी गंध घेतलं, आणि सवयीने हात पट्टीकडे गेला. तिथे थांबला. त्यांनी पाहिलं, आणि दोन्ही लाकडी ठोकळ्यांवर एकेक बोट लावलं. "आता कपाळ इथे," म्हणाले. कोहळा फोडायला हातोडी त्यांनी आत्याच्या हातात दिली. दोन घावांत फुटला. नागनाथमामांनी टाळ्या वाजवल्या.

पूजेनंतर बाबांनी विचारलं, "मग यशू? मकरंदला काय कळवू?"

मी म्हटलं, "सोमवारी टेम्पो पाठवू नका म्हणा."

आत्याकडे मी पाहिलं नाही. ती ड्रॉइंगच्या पेटीतून काहीतरी शोधत होती, आणि मग तिने माझ्या मांडीवर एक गॉगल ठेवला. काचेला एक चरा आहे. रबर नवीन आहे, पांढरं शुभ्र. कधी बदलून आणलं कोण जाणे.

गाडी बंद पडू शकते. मी वळण चुकवू शकते. शेषगिरी नको म्हणू शकतात. हे सगळं वाटलेलं आहे, त्याच्या जागेवर ठेवते. पण खाली जे लिहायचं आहे ते पाहिलेलं नाही, ऐकलेलं नाही, आणि नुसतं वाटलेलंही नाही. त्यासाठी आत्याच्या वहीत भाग नव्हता. म्हणून एक रेघ मारून चौथा करते.

ठरवलेलं: रविवार, ५ ऑक्टोबर, सकाळी सात वाजता, देवनहळ्ळी. गाडी मी चालवणार.